तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्म लुक कशाने येतो?

"आमच्या फुटेजला फिल्म लुक द्याल का?" म्हणजे ते रिळावरच्या सिनेमासारखे दिसेल का, असे ग्रेडिंगला (चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड जुळवून घ्यायला) येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, आणि विचारताना एखादा लट (रंग बदलणारा तयार तक्ता) लावला, वर ग्रेनचा (फिल्मवर दिसणाऱ्या बारीक कणांचा) थर चढवला की काम झाले, असे गृहीत धरलेले असते.

एका तरुण दिग्दर्शकाने वाड्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या आजीचा प्रसंग आणला होता. सेकंदाला 50 फ्रेम, शटर 1/100 सेकंद आणि बाहेरचे आकाश पांढरेफटक. वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, आकाशाची रेषा वर टेकून सपाट झाली होती, म्हणजे तिथे काही नोंदलेच गेले नव्हते. फिल्मच्या निगेटिव्हवर उजेड वाढत जातो तशी घनता (काळेपणा) वाढण्याचा वेग हळूहळू मंदावतो, त्यामुळे उजळ भागातही छटा शिल्लक राहतात. इथे मात्र खिडकीच्या गजाशी पांढरा रंग कापल्यासारखा संपत होता. एकाआड एक फ्रेम गाळून मी 25 केल्या, तरी पदर सावरणारा आजीचा हात तुटक हलला, कारण 24 फ्रेम आणि 180 अंशांच्या (फ्रेमचा निम्मा वेळ उघड्या राहणाऱ्या) शटरला प्रत्येक फ्रेमवर 1/48 सेकंदाची हालचाल पुसट उमटते आणि इथे तिच्या निम्मीसुद्धा उमटली नव्हती. हे समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, करायचं नाहीये असं सरळ सांगा ना." ते मला फार लागले. रात्री बसून मी ग्रेन घातला, आकाशाचा पांढरा खाली ओढला. तो राखाडी झाला, पण ढग काही आले नाहीत.

याचा अर्थ मी डिजिटलच्या विरोधात आहे असा नाही. फिल्म लुकचे सारे श्रेय फिल्मच्या रसायनाचे, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. परंतु 2010 मध्ये अ‍ॅरी अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आल्यानंतर, हायलाइट (सर्वांत उजळ भाग) सांभाळून लॉगमध्ये (उजेडाच्या जास्त छटा राखणाऱ्या नोंदणीत) टिपलेले आणि नीट प्रकाशयोजना केलेले काम पाहिल्यावर तो हट्ट धरवत नाही. तरीही तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो, की दिव्याभोवतीच्या त्या लालसर आभेचे काय? तीव्र उजेड इमल्शन (फिल्मवरचा प्रकाशसंवेदी लेप) भेदून फिल्मच्या तळावरून परततो, पसरतो आणि प्रामुख्याने लाल थराला लागतो, म्हणून ती आभा उमटते. आज मी ती सॉफ्टवेअरने घालतो. कधी ती पटते, कधी वरून लावलेली दिसते, आणि हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही. माझी विनंती एवढीच की हा प्रश्न चित्रीकरणाच्या आधी विचारा, कारण शटर, एक्स्पोजर आणि खिडकीबाहेरचे आकाश तेव्हाच हातात असते.