लेउवार्डेनच्या आजी म्हणाल्या, “हे हॉलंड नव्हे”

ॲम्स्टरडॅमचे तीन दिवस गर्दीत आणि रांगांत गेले. लिहावंसं वाटतंय ते उत्तरेकडच्या लेउवार्डेनमधल्या एका सकाळबद्दल.

जिथे खोली घेतली होती, त्या घरच्या आजींनी न्याहारीला दालचिनीचा, आत साखरेचे खडे असलेला पाव दिला. वर भरपूर लोणी. इतक्या मायेने कुणी वाढलं की माणूस सैलावतो. मी म्हणालो, “तुमचं हॉलंड मला फार आवडलं.”

आजींनी सुरी खाली ठेवली. “हे हॉलंड नव्हे. हे फ्रिसलान.”

मग भिंतीवरच्या नकाशापाशी नेऊन त्यांनी बोट ठेवून दाखवलं: देशाचे बारा प्रांत, त्यातले उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड एवढे दोनच ‘हॉलंड’. देशाचं नाव नेदरलँड, म्हणजे सखल प्रदेश. हॉलंडचा मूळ अर्थ मात्र झाडीचा मुलूख. सतराव्या शतकात पैसा आणि गलबतं त्या एका प्रांताकडे होती, म्हणून जगाने तेच नाव उचललं. फ्रिसलानची भाषाही वेगळी. गावाच्या पाटीवर लेउवार्डेनखाली ‘ल्याउवर्ट’ असतं. 2020 पासून सरकारनेही जाहिरातींतून हॉलंड काढून नेदरलँड्स आणलं, हे सांगताना आजींच्या आवाजात समाधान होतं.

मला त्यांचा राग पटला. मी लातूरचा. दिल्लीत नोकरीला असताना ‘बंबईवाले’ म्हणून मारलेली हाक दरवेळी टोचायची. तेच मी इथे येऊन केलं होतं.

मी त्यांना आपला जुना शब्द सांगितला: वलंदेज. पोर्तुगीज हॉलंडकरांना ‘ओलांदेज’ म्हणत, त्यावरून आपल्याकडे आला. वेंगुर्ल्याला वलंदेजांच्या वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. आजींनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. “म्हणजे तुम्हीसुद्धा!” म्हणाल्या, आणि पावाचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला.

संध्याकाळी फुटबॉलचा सामना होता. नारिंगी सदरा घातलेला त्यांचा नातू दिवाणखान्यात “हुप हॉलंड!” ओरडत होता. मी आजींकडे पाहिलं.

“सामन्यापुरतं चालतं,” त्या म्हणाल्या, आणि गोल झाल्यावर त्याही ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनीच शिकवलेल्या फ्रिसियनमध्ये मी म्हणालो, “तांकेवोल”, म्हणजे धन्यवाद. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.