ऊन आहे, पण अंगावर कुठंय?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रिपोर्टचा कागद पुढं सरकवत लोक हमखास विचारतात, ‘काय ओ, सांगलीत एवढं ऊन, आणि माझं डी जीवनसत्त्व कमी कसं?’ मागं गिऱ्हाईक उभं असताना याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथं जरा निवांत लिहितो.

ऊन आकाशात असून भागत नाही, ते उघड्या कातडीवर पडावं लागतं. उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळं कातडीत डी3 तयार होतं. मग आधी यकृत, नंतर मूत्रपिंड त्यावर आपापला हात फिरवतं, तेव्हा कुठं ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायच्या कामाला येतं. आता द्राक्षाच्या हंगामात तासगावकडं जाऊन बघा. घड काढणाऱ्या बायका दिवसभर बागेत, पण साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, तोंडाला स्कार्फ, उघडे फक्त डोळे, आणि डोक्यावर वेलींचा मांडव. दिवसभर रानात राबून डी कमी येतं ते असं. (आम्ही बेदाणासुद्धा शेडच्या सावलीतच वाळवतो, रंग जाऊ नये म्हणून!) शहरात तर बोलायलाच नको. गाडीवर हातमोजे, ऑफिसात ट्यूबलाइट, पोरं शाळेतून थेट क्लासला. फ्लॅटमधल्या आजी खिडकीशी ऊन खात बसतात, पण काच बंद असेल तर ऊब मिळते, डी नाही. ही किरणं काच अडवते. त्यात आपली सावळी कातडी. तिच्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य किरणं शोषून घेतं, म्हणून गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो.

‘पण मी रोज आमराईत फिरायला जातो की!’ हे वाक्य ठरलेलं. जाता सकाळी सहाला. फिरणं उत्तम, चालू ठेवा. पण त्या कोवळ्या उन्हात डी जवळजवळ नसतंच. सूर्य तिरका असला की ही किरणं वातावरणातच गाळली जातात. घड्याळापेक्षा सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. आपली सांगली 17 अंश अक्षांशाजवळ असल्यानं डिसेंबरातही भर दुपारी सावली आखूडच पडते, म्हणजे वर्षभर सोय आहे. मे महिन्यात तर साडेनऊ-दहालाच सावली उंचीच्या आत येते, तेव्हा एक वाजता गच्चीवर जाऊन ऊन लागून घ्यायचं काही कारण नाही. हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटं ते अर्धा तास, आठवड्यातून तीन-चारदा, एवढं साधारण धरा. कातडी लाल व्हायच्या आत सावलीत या. उन्हातून डी जास्त होईल ही भीती नको; गरजेपुरतं झालं की कातडी पुढचं आपणच मोडून टाकते.

खाण्यातून फारसं मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणं मोठ्या माणसाला रोज 600 युनिट लागतात आणि एका अंड्याच्या बलकात असतात चाळीसेक. तेलकट मासे चांगले, पण ते आपल्याकडं रोज कोण खातंय? दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं. ते जरूर घ्या, फक्त त्यावर विसंबून राहू नका.

आता पुड्यांचं. डॉक्टर लिहून देतात ती 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, बहुधा आठ आठवडे. जेवणानंतर दुधातून घेतली की चांगली, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाबरोबर शोषलं जातं. एक काका ही पुडी रोज सकाळी नेमानं घेत होते. ‘आठवड्याचं एकदम कशाला, रोज घेतलं की लवकर गुण!’ तहान भागेना, मळमळ, शौचाला होईना, तेव्हा दवाखान्यात गेले. रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. उन्हानं होत नाही ते पुडीनं होतं, कारण तोंडातून घेतलेलं जादा डी शरीर असं सहजासहजी मोडत नाही, चरबीत साठवून ठेवतं. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर मार्करनं ‘रवि’ (म्हणजे फक्त रविवारी) असं लिहूनच देतो. लोक हसतात. हसू देत.

तपासणी सगळ्यांनी करायची का? माझं मत, नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनंही (हार्मोनच्या डॉक्टरांची संस्था) 2024 मध्ये निरोगी माणसाची सरसकट तपासणी करू नका असंच सांगितलंय. पण खाली बसलं की उठताना मांड्यांत जोर येत नाही, जिना चढवत नाही, नडगीचं हाड दाबलं की दुखतं, आणि घरचे म्हणतात वय झालं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टवर डीच्या जागी 25-हायड्रॉक्सी असं लिहिलेलं असतं. ते 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आलं की साधारणपणे कमतरता धरतात. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला बालरोगतज्ज्ञ रोज 400 युनिटचे थेंब देतात. ते ‘बाळ तर चांगलं बाळसेदार आहे’ म्हणून बंद करू नका. आईच्या दुधात डी फार थोडं असतं.

आणि उरलेल्या पुड्या शेजारच्या वहिनींना देऊ नका. त्यांना मुतखडा असेल किंवा किडनीची तक्रार असेल, तर तुम्हाला मानवलेलं औषध त्यांना भलतंच महागात पडेल.