सरांनी भरलेले ४८ रुपये

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा वर्गमित्र, गॅदरिंग, चिंचेखालचा वर्ग या सगळ्यांवर लिहायचे मनात होते. परंतु लिहायला बसलो आणि पी. टी. च्या सरांपुढे लेखणी सरकेना. सर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले होते आणि त्यांची शिट्टी नदीच्या घाटापर्यंत ऐकू येत असे, हे त्या काळच्या प्रत्येकाला आठवत असेल.

१९८८ साली मी नववीत होतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आणि नदी ओलांडली की परवान्याची दुकाने, त्यामुळे हा माल आणणारी टोळी आपल्याकडे होती, हे कोणापासूनही लपलेले नव्हते. दप्तरातून शिशा आणायचे काम ती शाळकरी पोरांना देई, कारण १९८६ च्या बाल न्याय कायद्यामुळे सोळा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात टाकत नाहीत, हे त्या लोकांना आमच्या वडिलांपेक्षा चांगले ठाऊक होते. एका खेपेचे पाच रुपये मिळत. पण मी पैशांसाठी गेलो नव्हतो. कापसाचे चुकारे अडकलेल्या आमच्या घरात माझ्याशी कोणी धड बोलत नसे, आणि तिथे मोटारसायकलवर बसवून मला ‘भाऊ’ म्हणणारी मोठी माणसे होती.

एकदा घाटाच्या चढावर पाय घसरला आणि चार शिशा फुटल्या. माझ्या नावावर ४८ रुपये लागले. ते फिटेपर्यंत फुकट खेपा करायच्या असे ठरले आणि दर खेपेला या ना त्या कारणाने उधारी होती तेवढीच राहू लागली. त्यानंतर मला तिथे ‘भाऊ’ कोणी म्हटले नाही, पण सुटताही येईना.

सरांना दप्तराचा वास आला. त्यांनी मला ऑफिसात नेले नाही. साहित्याच्या खोलीत बसवून एवढेच विचारले, “किती देणं आहे रे तुह्यावर?” त्या संध्याकाळी मला सायकलवर मागे बसवून ते घाटावर गेले, त्या माणसाच्या हातावर ४८ रुपये ठेवले आणि म्हणाले, “याचा हिशेब संपला. उद्या पहाटेपासून हा ग्राउंडवर फक्की मारते.” दारूवाल्यांना पैसे दिले म्हणून पुढे सरांवर बरीच टीका झाली. ती मला आजही अन्यायाची वाटते. त्या दिवशी तक्रार झाली असती तर माझे नाव शाळेतून कमी झाले असते, आणि उधारी वसूल करणारे घाटावर तसेच उभे राहिले असते.

दहावी होईपर्यंत मी रोज साडेपाचला कबड्डीच्या मैदानावर फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या पुडीने रेषा आखल्या. माझ्याच बाकावरचा, माझ्यासोबत खेपा करणारा मित्र त्याआधीच शाळा सोडून गेला होता, त्यामुळे त्याच्या देण्याची चौकशी कोणी केली नाही. विशी गाठण्याआधी तो तुरुंगात गेला. त्याचे घर सरांना दाखवण्याचे मला सुचले नाही, ही खंत अजून जात नाही.

आज मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून विधिसंघर्षग्रस्त बालकांचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे, सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे मुलाकडून दारूची ने-आण करवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरी समोर येते ते पोर, आणि ते मोठ्या माणसाचे नाव घ्यायला घाबरते. आता मोटारसायकलच्या जागी मोबाईल आला आहे, चौकात तलवारीने केक कापणाऱ्या भाईच्या व्हिडिओत आपण दिसावे म्हणून मुले जातात. मी मात्र सरांचाच प्रश्न आधी विचारतो, आणि पुष्कळदा त्यानंतरच मूल बोलू लागते.

मागच्या दिवाळीत शाळेवरून गेलो. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी इमारत उभी आहे आणि पी. टी. चे वेगळे शिक्षक आता नाहीत, असे कळले. पत्रासोबत पाठवलेली माझी देणगी महोत्सवाच्या कमानीत घालू नये. उरलेल्या जागेत कबड्डीचे एक मैदान आखून पहाटे तिथे उभा राहील अशा माणसाच्या मानधनाला ती वापरावी, आणि कमी पडेल ते दरवर्षी माझ्याकडून घ्यावे, अशी समितीला हात जोडून विनंती आहे.