दत्ताचे कॅलेंडर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि १९८४ सालचा, आठवीतला चित्रकलेचा तास आठवला. चित्रकार भूपेन खक्कर यांना त्या वर्षी पद्मश्री मिळाली होती, म्हणून सरांनी प्रत्येकाला जुने कॅलेंडर, कात्री आणि डिंक आणायला सांगितले होते. मी दत्ताचे कॅलेंडर नेले. त्याला कात्री लावायला हात मात्र धजेना. सर रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की, मुंबईत १९३४ साली जन्मलेले आणि सनदी लेखापाल झालेले खक्कर १९६२ मध्ये बडोद्याला आले, सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत कलासमीक्षा शिकले आणि १९६५ मध्ये जहांगीर कलादालनात त्यांनी मांडलेली कोलाज बाजारातल्या देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे आरशांवर चिकटवून केलेली होती. रविवर्म्याने बडोद्याच्या दरबारासाठी रंगवलेल्या पौराणिक चित्रांचे नाते आमच्या देवघरातल्या कॅलेंडरापर्यंत पोहोचते, हे मला त्या तासाला प्रथम कळले. अखेर मी दत्ताला तसेच ठेवून त्याच्या पायाशी असलेली चार कुत्री आणि मागची गाय तेवढी कापून घेतली व वर्तमानपत्रातल्या धान्याच्या भावांवर चिकटवली.

पुढे मी स्वतः जमाखर्चाच्या नोकरीत शिरलो, तेव्हा खक्करांविषयीचा आदर वाढला, कारण तेही कितीतरी वर्षे एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब पाहत आणि उरलेला वेळ चित्रांना व लेखनाला देत. शिंपी, न्हावी, घड्याळे दुरुस्त करणारा कारागीर ही त्यांच्या चित्रांतली माणसे रोज भेटणारी आहेत. त्यांच्या गुजराती कथा आणि ‘मोजीला मणिलाल’ हे नाटक मी नंतर वाचले. घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातली साधी बोलभाषा चटकन आपली वाटली. त्यांचे गद्यही मला कोलाजच वाटते, कारण ऐकलेल्या बोलण्याचे तुकडे ते जसेच्या तसे शेजारी ठेवतात.

बापलेक आणि गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. खक्करांनी १९८१ मध्ये तीच गोष्ट रंगवली, गच्चीत उभा असलेला एक विवस्त्र पुरुष ती पाहतो आहे असे दाखवले आणि पुरुषांविषयीचे आपले प्रेम त्यानंतर लपवले नाही. त्या काळी याला केवढे धैर्य लागले असेल! ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये खक्कर बडोद्यातच वारले. त्या दिवशी मी माळ्यावरची पेटी उघडून आठवीतला तो कागद काढला. डिंक पिवळा पडला होता, पण गाय जागची हलली नव्हती.