नफ्याचा आकडा कोण काढणार?

वेतनरचना ठरवून देणं हे माझं काम. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी सर्वेक्षणं, समित्या, तयार तक्ते असतात. दीड-दोनशे माणसांच्या कंपनीत समोर थेट मालक बसलेले असतात, आणि प्रत्येक आकडा आपल्या खिशातून जाताना त्यांना दिसत असतो.

ही अशीच एक कंपनी. ऑर्डरप्रमाणे यंत्रं बनवून देणारी. धंदा बरा, पण उधारी फुगलेली. बँकेनं कर्जमर्यादा वाढवून देताना दर तिमाहीचे आकडे वेळेवर हवेत अशी अट घातली होती. हेड अकाउंटंट जुने आणि विश्वासू, पण त्यांचं काम घडून गेलेल्या व्यवहारांचं. पुढच्या तीन महिन्यांत पैसा कुठून येणार आणि कुठे अडणार, हे सांगणारं कोणीच नव्हतं. महिन्यातले चार-पाच दिवस येणारा अर्धवेळ सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, घ्या, असं मी आधी सुचवलं होतं. पुष्कळ कंपन्यांचं तेवढ्यावर भागतं. इथे बँकेचा लकडा रोजचा होता, त्यामुळे पूर्णवेळ माणूस नेमायचं ठरलं.

मालकांची पहिली अडचण निराळीच निघाली. "अहो, माझ्यापेक्षा जास्त पगार द्यायचा?" ही तक्रार मला प्रत्येक मालकीच्या कंपनीत ऐकू येते. मालक स्वतः पगार म्हणून थोडं घेतात, बाकीचं लाभांशातून. त्यामुळे पगाराच्या शिडीची वरची पायरी मुळात खोटी असते, आणि बाहेरून आलेला कोणताही जाणता माणूस तिच्या वरच बसतो. मी त्यांना म्हणालो, "साहेब, उद्या तुमच्या खुर्चीवर पगारी माणूस बसवायचा तर त्याला काय द्याल? तुलना त्या आकड्याशी करा." ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. पण कमावून दिलं तरच देईन."

त्या 'तरच'मधून त्यांचा मसुदा तयार झाला होता. एकूण मोबदला १०० धरला तर ६० स्थिर पगार आणि ४० बोनस. बोनस फक्त वर्षाच्या नफ्यावर. गेल्या वर्षीचा नफा १०० मानायचा, यंदा तो १०५च्या वर गेला तर पूर्ण ४०, नाहीतर शून्य. माझा आक्षेप मी कळवला होता. त्यांचं म्हणणं, उमेदवाराला दाखवून तर बघू.

मुलाखतीच्या शेवटच्या फेरीला ज्या मॅडम आल्या, त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "साहेब, हा नफ्याचा आकडा कोण काढणार?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

मॅडमनी समोरचा कोरा कागद ओढला. उमेदवारांना गेल्या वर्षीचे हिशेब आधीच पाठवले होते, त्यातलं बुडीत येण्यांच्या तरतुदीचं, म्हणजे न येण्याची भीती असलेल्या पैशांपोटी नफ्यातून बाजूला काढलेल्या रकमेचं, पान त्यांनी उघडलं. एका मोठ्या ग्राहकाची बिलं सहा महिन्यांहून जास्त काळ अडकली होती. मॅडम लिहीत गेल्या. समजा यंदा तरतुदीआधीचा नफा ११२. या ग्राहकासाठी १२ची तरतूद केली तर नफा १००, बोनस शून्य. ग्राहक देईल असं मानून ४चीच केली तर नफा १०८, बोनस पूर्ण. मग त्याच कागदाच्या खालच्या बाजूला त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्या: गोदामात पडून असलेल्या मालाची किंमत, वॉरंटीपोटीची तरतूद, यंत्रांचं आयुष्य किती वर्षं धरून घसारा काढायचा. "यात खोटं बिल एकही नाही. सगळे अंदाज आहेत, आणि ते मीच करणार. कदाचित ४ हाच आकडा बरोबर असेल. पण तो बरोबर आहे असं मला वाटेल ते का वाटेल, याची मला खात्री देता येणार नाही. हे आमिष मला नको."

पैसे वाढवून मागणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिलेत. बोनसचं माप आपल्या हाताखालचं आहे म्हणून ते बदला, असं म्हणणारा माणूस विरळा. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तेवढ्यात माझं घोडं पुढे दामटलं. २०१० साली 'जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स'मध्ये अमेरिकी कंपन्यांवरचा एक अभ्यास आला होता. नफ्याच्या आकड्यांतल्या फेरफाराचा संबंध सीईओच्या शेअर-आधारित मोबदल्यापेक्षा सीएफओच्या तशा मोबदल्याशी अधिक ठळक दिसतो, असं त्यात निघालं. तिथं तर ऑडिट समित्या वगैरे सगळा जामानिमा असतो. इथे परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासायचा होता.

मग खरी घासाघीस सुरू झाली. स्थिर पगार ७८वर गेला, बोनस २२वर आला. वसुलीचे दिवस कमी करणं, महिना संपल्यावर ठरलेल्या मुदतीत हिशेब बंद करणं, १३ आठवड्यांचा रोकड अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ ठेवणं आणि ऑडिटरला कमीत कमी दुरुस्त्या कराव्या लागणं, अशी त्याची मापं. मालकांना ही मापं आवडली, कारण त्यातलं पहिलं त्यांच्या जिव्हाळ्याचं.

पण प्रत्येक मापाला मागचं दार असतंच. वसुलीचे दिवस भरमसाट सूट देऊनही घटतात, बिलं वित्तसंस्थेला विकूनही घटतात. रोकड चांगली दाखवायची तर पुरवठादारांची देणी मार्चऐवजी एप्रिलला द्यायची की झालं. म्हणून वर्षअखेरचा एकच आकडा न घेता बाराही महिन्यांची सरासरी घ्यायची, सूट आणि थकलेली देणी यांचा परिणाम त्यातून वजा करायचा, आणि मोजणी ऑडिटरनं तपासायची असं ठरलं. यातला देण्यांचा मुद्दा मॅडमनीच काढला. मला तो सुचला असता की नाही, सांगता येत नाही.

शेअर्सवर गाडी अडली. मालकांना भागीदार नको होता. खासगी कंपनीतल्या दोन-तीन टक्के शेअर्सना तसंही बाजार नसतो. माणूस सोडून गेला तर ते कोण घेणार आणि कोणत्या भावानं, यावर पुढे भांडणं होतात. त्यामुळे फँटम युनिट्स ठरली: शेअर द्यायचे नाहीत, कंपनीचं मूल्य जेवढं वाढेल त्यातला ठरलेला वाटा रोखीनं द्यायचा. चार वर्षांत हक्क पूर्ण, पहिलं वर्ष संपायच्या आत काहीच नाही. मूल्य काढायचं सूत्र मालकांनी लिहिलं होतं, ईबीआयटीडीएची, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याची, अमुक पट. म्हणजे तोच नफ्याचा आकडा पुन्हा खिडकीतून आत. मी बाहेरच्या मूल्यमापकाचं नाव लिहायला लावलं.

दिलेला बोनस परत घेण्याचं कलम मालकांनी स्वतःहून मागितलं. अमेरिकेत २००२च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांपुरतं हे आणलं: गैरवर्तनामुळे हिशेब दुरुस्त करावे लागले तर सीईओ आणि सीएफओनं बोनस परत करायचा. तिथल्या बाजार नियामकानं २०२२मध्ये केलेल्या नियमात गैरवर्तन सिद्ध करण्याचीही गरज ठेवली नाही; आधीच्या तीन आर्थिक वर्षांतला जादा मोबदला वसूल करता येतो. लहान खासगी कंपनीला हे लागू नाही, तिला नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्यावं लागतं. मॅडमनी खळखळ केली नाही. उलट निम्मा बोनस पुढच्या वर्षीच्या ऑडिटनंतर द्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी आपली मागणी मांडली. "मला काढून टाकलं तर सहा महिन्यांचा पगार."

मालक दुखावले. "मॅडम, अजून आला नाहीत तोच जाण्याची भाषा?"

"साहेब, कधीतरी मला तुम्हाला नाही म्हणावं लागेल. बँकेला पाठवायच्या पत्रकावर सही करताना, किंवा तुम्ही लाभांश घ्यायचा म्हणाल आणि खात्यात तेवढं नसेल तेव्हा. घराचा हप्ता डोळ्यापुढे ठेवून नाही म्हणता येत नाही."

माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. सीएफओच्या पगारात बोनसवर तासन्‌तास खल होतो आणि हे कलम शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलं जातं. मालक तीन म्हणाले, मॅडम सहावर ठाम. संध्याकाळपर्यंत पाचवर आले, आणि सोबत एक वाक्य जोडलं गेलं: ऑडिटरशी मालकांच्या गैरहजेरीत बोलायचा अधिकार. ते वाक्य मालकांनी कुरकुर न करता मान्य केलं. मला नवल वाटलं.

रुजू झाल्यावर पहिल्याच तिमाहीत मॅडमनी त्या ग्राहकासाठी १२चीही नाही, १४ची तरतूद केली. मालकांचा मला फोन आला, आवाज चढलेला. मी विचारलं, "त्याचे पैसे आले का?" "नाही," म्हणाले, आणि विषय विक्रीप्रमुखावर नेला. त्याचं कमिशन बिल फाडल्यावर मिळतं, वसुली झाल्यावर नाही, आणि त्या अडकलेल्या बिलांवरचं त्यानं कधीच उचललं आहे, हे मॅडमनी त्यांना आकडेवारीसह दाखवलं होतं. आता त्याच्या कमिशनच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आलाय.