तीनाला एक म्हणजे रात्री नऊला एक

"आमच्याकडे नर्सिंग स्टाफ भरपूर आहे" असं कुठलं हॉस्पिटल म्हणालं ना की मला विचारावंसं वाटतं, भरपूर कुठे, मस्टरवर की आत्ता वॉर्डात? हे दोन आकडे वेगळे असतात आणि सगळा घोळ तिथेच आहे. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर), नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात जनरल वॉर्डला आहे (नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो).

हिशोब करून बघा. ३० खाटांचा वॉर्ड, सहा पेशंटमागे एक सिस्टर धरली तर एका शिफ्टला ५, तीन शिफ्टच्या १५. त्यात वीकली ऑफ, सणवार, आजारपण, कोणीतरी बाळंतपणाच्या रजेवर असतंच, त्यासाठी केंद्र सरकारच्या एसआययू (स्टाफ इन्स्पेक्शन युनिट) नॉर्म्समध्ये ४५ टक्के जादा पोस्ट धरल्यात, म्हणजे झाल्या जवळपास २२. "३० खाटांना २२ नर्सेस" ऐकलं की मालकाच्या पोटात गोळा येतो आणि नातेवाईकांना वाटतं काय ऐश आहे. ऐश कसली, सहाला एक, बस.

आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या जुन्या तक्त्यात तर सरळ लिहूनच ठेवलंय, जनरल वॉर्डला १:३, किंवा प्रत्येक शिफ्टला १:९, म्हणजे तीनाला एक हे तिन्ही शिफ्ट मिळून, एका वेळी नऊला एकच. भाषणात सगळे तीनाला एक म्हणतात, नाईटला वाट्याला येतात ते नऊ, तेही कागदावर.

खरी नाईट अशी असते की वॉर्ड फुल, मी आणि एक एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली) पोरगी. दहाची अँटिबायोटिक्स सगळ्यांनाच दहाला असतात, ट्रे भरून निघालं की तिसऱ्याच बेडवर व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाईनची सुई) ब्लॉक, हात सुजलेला, ती काढा, दुसरी शीर शोधा, तेवढ्यात ऑपरेशनचा पेशंट खाली येतो, त्याचं बीपी दर पंधरा मिनिटांनी बघायचं, शेवटच्या बेडपर्यंत पोचायला साडेअकरा. मग सलाईनवर लक्ष कोण ठेवणार, तर नातेवाईक. "बाबा, बाटली बोटभर राहिली की हाक मारा हं." बाबा पेठहून सकाळच्या पहिल्या एसटीने आलेले, दिवसभर औषधांच्या दुकानात आणि बिलिंगला चकरा मारून दमलेले, बाकावर डोळा लागतो आणि बाटली रिकामी होऊन नळीत रक्त चढतं. सकाळी राऊंडला बोलणी कोण खातं ते सांगायला नको.

कॅलिफोर्नियात एका सिस्टरमागे किती पेशंट याचा कायदा १९९९ साली झाला आणि जानेवारी २००४ पासून लागू झाला. जनरल वॉर्डला आधी सहाला एक, २००५ पासून पाचाला एक, आयसीयूत दोघांना एक. मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे हा रेशो सतत पाळायचा, अगदी सिस्टर जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी उभी पाहिजे. हॉस्पिटलवाले याविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. आपल्याकडे डबा उघडायचा म्हणजे मावशींना सांगून जायचं, "जरा बघा हं".

हे सगळं आमच्या सोयीसाठी चाललंय असं वाटत असेल तर नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास बघा. १६८ हॉस्पिटल्स, आणि नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. एक पेशंट. आमच्याकडे "एक ॲडजस्ट कर ना" रोज होतं.

आता डॉक्टरांचीही बाजू आहे, नाही असं नाही. गंगापूर रोडला वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्याने सरकारी आरोग्य योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये एवढ्या सिस्टर्स कुठून आणायच्या? आणि मुली टिकतात कुठे, अनुभव मिळाला की सरकारी भरती नाहीतर गल्फ. पण टिकणार कशाला? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० द्या म्हटलं होतं, ते हातात पडणाऱ्या किती जणी आहेत विचारा ओळखीतल्या सिस्टर्सना. आणि एकदम सगळं करा असं कोण म्हणतंय, कॅलिफोर्नियानेही चार-पाच वर्षं घेतली. आधी आयसीयू आणि नाईट शिफ्ट धरा, मोजणी मात्र शिफ्टवर करा, मस्टरवर नको.

सिंहस्थ आलाय तोंडावर, २०२७ ची तयारी म्हणून रस्ते खोदून ठेवलेत, खाटा वाढवणार म्हणून बातम्या येतील, फिती कापल्या जातील. तेव्हा कोणीतरी पत्रकाराने एवढंच विचारावं, या नवीन खाटांवर रात्री दोन वाजता कोण असणार? आणि इंग्लंडमध्ये वॉर्डाबाहेर बोर्डावर लिहितात तसं इथेही लिहा, आज या शिफ्टला सिस्टर किती हव्यात आणि आहेत किती. खडू मी आणते.