आधी 'आब्लारोन', मग 'आब्लारा'

स्पॅनिशमधला इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, म्हणजे 'असं असतं तर' अशा कल्पनेसाठी वापरलं जाणारं क्रियापदाचं रूप, बनवताना मूळ क्रियापदापासून सुरुवात करू नका. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याला नुसता 'आ' जोडला की 'आब्लारा' हे बरोबर रूप मिळतं, आणि इथेच फसगत होते, कारण तो निव्वळ योगायोग आहे. त्याच वाटेने 'कोमेर', म्हणजे खाणे, याचं 'कोमेरा' केलंत की चुकलात. खरं रूप 'कोमिएरा'.

पाया घ्यायचा तो प्रेतेरितो या साध्या भूतकाळातल्या 'ते' (अनेकजण) याच्या रूपाचा: आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन ('बिबिर', म्हणजे राहणे, याचं). शेवटचा 'रोन' काढा आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. म्हणजे कोमिएरा, कोमिएरास, कोमिएरा, कोमिएरामोस, कोमिएराइस, कोमिएरान. 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटांचे प्रत्यय इथे एकच, त्यामुळे 'बिबिर'साठी वेगळं काही पाठ करावं लागत नाही. या पद्धतीचा खरा फायदा पुढे कळतो: अनियमित क्रियापदंही हाच नियम पाळतात. 'तेनेर' (जवळ असणे) याचं 'तुबिएरोन' येत असेल तर 'तुबिएरा' आलंच. प्रेतेरितो कच्चा असेल तर मात्र आधी तो पक्का करा.

आघाताकडे नीट लक्ष द्या. 'आब्लारा'मध्ये जोर 'ब्ला'वर असतो. तोच शेवटच्या 'रा'वर गेला की भविष्यकाळ होतो, 'तो बोलेल', आणि लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह येतं. सब्जंक्टिव्हमध्ये चिन्ह फक्त 'आम्ही'च्या रूपाला, 'रामोस'च्या आधीच्या स्वरावर. जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर असला की स्पॅनिशमध्ये चिन्ह द्यावंच लागतं.

वापरताना मराठी माणूस हमखास अडखळतो तो 'तर'च्या वाक्यात. 'तू इथे राहत असतास तर आपण जास्त बोललो असतो' यात आपण दोन्हीकडे 'असता'चंच रूप वापरतो, म्हणून 'सि' (जर) नंतरही कंडिशनल, म्हणजे 'झालं असतं' असं सांगणारं रूप, घालून 'सि बिबिरिआस' म्हणायचा मोह होतो. बरोबर वाक्य: 'सि बिबिएरास आकी, आब्लारिआमोस मास.' 'सि'च्या बाजूला सब्जंक्टिव्ह, दुसऱ्या बाजूला कंडिशनल.

'आब्लासे', 'कोमिएसे' अशी 'से'ची रूपंही दिसतील. तीही शुद्धच आहेत, पण बोलण्यात 'रा' जास्त चालतं. वाचताना 'से' ओळखू आलं तरी सुरुवातीला पुरे. फक्त 'मला हवं होतं' असं अदबीने सांगणाऱ्या 'किसिएरा'च्या जागी 'किसिएसे' घालू नका.